चौथ्यांदा पहिला गुन्हा

१

फाइल नाहीशी झाली त्या दिवशी सकाळपासून बाइंडरबाई एका पट्टीवर चिडल्या होत्या.

पट्टी म्हणजे ग्रंथाच्या पाठीला चिकटवायची कापडी पट्टी. आदल्या दुपारी टेबलावरची कागदांची चळत बोटांनी मोजून त्यांनी ती कापली होती, चार बोटं बरोब्बर. सकाळी सात वाजता येऊन चळत दाभणाने शिवली, खळ लावली, पट्टी चढवली, तर पट्टी अर्धं बोट अपुरी! कोर्टाच्या मागच्या जिन्याखालच्या खोलीत बसून निकाली लागलेल्या खटल्यांचे ग्रंथ बांधता बांधता त्यांची तीस वर्षं गेली होती. त्या तीस वर्षांत एक पट्टी वाया गेली नव्हती.

"कापडच आटलं असेल," त्या म्हणाल्या. आणि मग स्वतःच हसल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं."

त्यांनी दुसरी पट्टी कापली, ग्रंथ दाबाच्या शिकंज्यात घालून मूठ घट्ट आवळली आणि अपुरी पट्टी समोरच्या खिळ्याला टांगून ठेवली. येताजाता दिसावी आणि आपल्याला लाज वाटावी म्हणून.

खरं तर चूक झाली असती तरी नवल नव्हतं. मन थाऱ्यावर कुठे होतं? काल संध्याकाळी त्या लवकर घरी गेल्या होत्या, ते भाचीजवळ बसायला.

भाचीचं सायकल दुरुस्तीचं दुकान कोर्टापासून तीन गल्ल्या सोडून होतं. दोन महिन्यांपूर्वी एक माणूस सगळी रांग ओलांडून पुढे घुसला. भाची म्हणाली, "नंबरानं या हो." एवढंच. त्याने दुकानातलाच हवा भरायचा पंप उचलला आणि तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. मग पंप होता तिथे नीट उभा करून ठेवला आणि बाहीवरची धूळ झटकत निघून गेला.

लोक त्याला साळसूद म्हणत. कोर्टात तो असा काही उभा राहायचा की पाहणाऱ्याला वाटावं, मार बिचाऱ्याने खाल्लाय. गुन्हा शाबीत झाला होता. शिक्षा तेवढी आज तीन वाजता सुनावायची होती. आणि घोडं तिथेच अडत होतं. इथला कायदा म्हणतो, पहिला गुन्हा असेल तर चांगल्या वागणुकीची हमी लिहून घ्या आणि सोडा. इथल्या वहीत साळसूदाचं पान कोरं होतं. नदीपलीकडचं कोर्ट निराळं, कायदा निराळा, वही निराळी, आणि त्या वहीत त्याने मोडलेली तीन माणसं होती. तिथे पहिल्यांदा तो सुटला तो वय कोवळं म्हणून. दुसऱ्यांदा सुटला तो ढसाढसा रडला म्हणून. तिसऱ्यांदा शिक्षा झाली, तर आत शहाण्यासारखा वागला म्हणून निम्मी माफ. मग पूल ओलांडून स्वारी इकडे आली ती धुतल्या तांदळासारखी.

पण पलीकडच्या त्या तीन निकालांच्या शिक्क्याच्या नकला काल दुपारी इथे येऊन पोचल्या होत्या. आज चौथ्यांदा त्याचा पहिला गुन्हा होणार नव्हता. बाई त्याच आनंदात होत्या, पट्टीचं दुःख वगळता.

नऊच्या सुमारास सुधारबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आरोपीला भेटून तो सुधारेल की नाही याचा अहवाल कोर्टाला देणं हे त्यांचं काम, म्हणून सगळी इमारत त्यांना सुधारबाई म्हणायची.

"भाचीचा हात कसा आहे?"

"प्लास्टरवर गिऱ्हाइकांनी इतकी चित्रं काढलीत की डॉक्टर ते कापायला मागेना," बाई म्हणाल्या.

सुधारबाई हसल्या नाहीत. त्यांनी शिकंज्याकडे पाहिलं. "बांधून झालं वाटतं?"

"झालं की. आता वाळू दे."

त्या आणखी काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नुसतीच मान हलवून गेल्या. आणि दहाच्या ठोक्याला दप्तरदार धापा टाकत आत आले. या माणसाला कोर्टात वीस वर्षांत कुणी पळताना पाहिलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "पलीकडचे कागद गेले."

२

इमारतीत कुणाचंही काही हरवलं की पाय जिन्याखालच्या खोलीकडे वळायचे, ही जुनीच रीत. न्यायाधीशांचा चष्मा, टायपिस्टची अंगठी, एकदा तर अख्खा एक साक्षीदार बाइंडरबाईंनी शोधून दिला होता. तो गच्चीवर झोपला होता.

"दुसरी नक्कल मागवा," जिना चढताना त्या म्हणाल्या.

"पलीकडच्या कोर्टाला आज साप्ताहिक सुट्टी. आपली परवा, त्यांची आज."

"मग शिक्षा उद्या सुनावा म्हणावं."

"आज तिसावा दिवस. गुन्हा शाबीत झाल्यापासून तीस दिवसांत शिक्षा नाही सुनावली तर माणूस सुटतो. आणि आपल्या साहेबांना तुम्ही ओळखता. कागद असेल तर मेलेला माणूसही हजर, कागद नसेल तर समोर उभा असलेलाही गैरहजर."

म्हणजे तीनपर्यंत कागद मिळाले नाहीत, तर संध्याकाळी साळसूद मोकळा. आणि पकडून नेताना तो भाचीला अगदी गोड आवाजात म्हणाला होता, "बाहेर आलो की पहिला नंबर तुझाच."

दप्तरखान्यात शिस्त होती. चालू कामाच्या गठ्ठ्याला लाल फीत, आणि तो कुलपाच्या कपाटात. निकाली लागलेल्याला पांढरी, आणि तो खालच्या उघड्या फळीवर. दप्तरदारांनी कपाट उघडून रिकामा खण दाखवला.

"काल बाराला आले. मी दोन वह्यांत नोंद केली, स्वतःच्या हाताने लाल फीत बांधली, इथे ठेवले. आज उघडतो तर हे."

खण अगदीच रिकामा नव्हता. आत लाल फितीची एक सुबक गुंडाळी पडली होती.

बाईंनी ती उचलून बोटांवर तोलली. चोर म्हटला की घाई आली. गठ्ठा उचलावा आणि पोबारा करावा. गाठ सोडायची, फीत गुंडाळायची, ती परत ठेवायची, असले लाड कोण करतं?

"काल कपाटापाशी कोण कोण आलं?"

"एक वाजता साळसूदाचे वकील. त्यांनी माझ्यासमोर कागद वाचले, मीच परत बांधून ठेवले. दोन वाजता सुधारबाई. त्यांनाही अहवालासाठी बघायचे होते."

"तेही तुमच्यासमोर?"

दप्तरदारांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "समोरच. म्हणजे, मी समोरच होतो. जेवण जरा जड झालं होतं. डोळा लागला असेल पाच मिनिटं."

"पाच?"

"पंचवीस," दप्तरदार म्हणाले. "उठलो तेव्हा सुधारबाई गेल्या होत्या, कपाट लोटलेलं होतं. मी कुलूप घातलं. आत पाहिलं नाही. संध्याकाळी शिपाईमामा नेहमीसारखे येऊन गेले, तेव्हा कुलूप होतंच." त्यांनी डोळे पुसले. "बाई, नोकरी गेली तर जाऊ दे हो. पण त्या पोरीला मी काय तोंड दाखवू?"

बाईंना त्यांची दया आली. शिवाय एक गोष्ट सरळ होती. कागद गायब करायचे असते तर या माणसाने त्यांची दोन-दोन वह्यांत नोंद कशाला केली असती?

राहिले तिघे. आणि त्यातला एक आत्ता खालच्या उपाहारगृहात शीळ घालत होता.

३

साळसूदाचे वकील म्हणजे दिलखुलास माणूस. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. बाईंना पाहताच त्यांनी खुर्ची सरकवली.

"या बाइंडरबाई! चहा घ्या. आज माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर भाषण होणार आहे."

"कशावर?"

"त्या पलीकडच्या कागदांवर. चौदा पानं लिहिलीत! परक्या कायद्यातली शिक्षा इथे का धरू नये, याचे अकरा मुद्दे. सातवा तर असा आहे की साहेबांच्या डोळ्यांत पाणी येईल." त्यांनी बॅगेतून पानं काढली. कडेला खाडाखोड, शाईचे डाग, एका पानावर चहाचा गोल.

बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर नजर रोखली आणि म्हणाल्या, "ते कागद हरवलेत."

वकिलांचं तोंड उघडं राहिलं. मग, खरं सांगायचं तर, ते खुलायला हवं होतं. त्यांचा अशील आता हसत हसत सुटणार होता. पण वकिलांनी आपल्या चौदा पानांकडे असं पाहिलं की जणू वरातीच्या दिवशी घोडी पळाली.

"हरवले? मग माझा सातवा मुद्दा?"

बाईंना या सगळ्या गोंधळातही हसू आलं. ज्याने कागद पळवले तो त्या कागदांना उत्तर लिहीत कशाला बसेल? चहाचा डाग नाटकासाठी पाडता येतो, ही निराशा नाही. वकीलसाहेब सुटले.

जिन्यात शिपाईमामा भेटले. दोन दिवसांपूर्वी त्यांच्या चष्म्यावर त्यांचीच नात बसली होती. तेव्हापासून ते भिंतीला हात लावून चालत आणि खांबालाही नमस्कार घालत.

"मामा, काल संध्याकाळी दप्तरखान्यात काय काय उचललंत?"

"मी? जे रोज उचलतो ते. मला अक्षर दिसत नाही बाई, रंग दिसतो. लाल दिसलं तर हात लावत नाही, पांढरं दिसलं तर सोडत नाही. पांढरं तुमच्या टेबलावर. तुम्ही नव्हता, तरी ठेवलं."

"रोजच्यासारखंच ना सगळं?"

"अगदी रोजच्यासारखं."

रोजच्यासारखं म्हटलं की माणूस पुढे विचारत नाही. बाईंनीही विचारलं नाही, आणि इथेच त्यांचा एक तास फुकट गेला.

४

सुधारबाईंची खोली गच्चीखाली होती. नीटनेटकी, खिडकीत दोन कुंड्या. टेबलावर आजच्या कामाची चार प्रकरणं. चारही पांढऱ्या फितीत.

"ही निकाली लागली?" बाईंनी सहज विचारलं.

"नाही, चालू आहेत." सुधारबाईंनी फितीवरून हात फिरवला. "सवय हो. मी आधी पलीकडे होते ना, अकरा वर्षं. तिकडे उलटं. चालूला पांढरी, निकालीला लाल. फितीसुद्धा तिकडूनच आणलेल्या आहेत, संपतच नाहीत."

फिती खरंच इथल्या नव्हत्या. इथली फीत अंगठ्याएवढी रुंद, ही करंगळीएवढी. कापडाच्या बाबतीत बाईंची नजर आपोआप मोजायची.

"काल कागद वाचलेत तुम्ही?"

"वाचले." त्या खिडकीकडे वळल्या. "बाई, एक विचारू? माणसाला संधी द्यावी की नाही?"

"द्यावी की! आमच्या घरच्यांनी विसाव्या वर्षी दुकानाची काच फोडली होती, मित्रांच्या पैजेपायी. साहेबांनी दम देऊन सोडलं. तेव्हा आत टाकलं असतं तर मला नवरा कुठून मिळाला असता? आता मुंगी दिसली तर पाय उचलून चालतात."

सुधारबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर ऊन पडल्यासारखं झालं.

"पण," बाई म्हणाल्या, "तेच चौथ्यांदा काच फोडते आणि काचेऐवजी माणूस असता, तर मीच धरून नेलं असतं. पहिल्यांदा सोडणं हा शहाणपणा. त्यानंतरही सोडतच राहिलं तर शिक्षा भलत्यालाच होते. मार खाणाऱ्याला."

ऊन गेलं. सुधारबाई कुंडीतलं एक पान तोडत राहिल्या, वाळलेलं नव्हतं तरी.

"तुम्ही कागद ठेवले कुठे, वाचून झाल्यावर?"

"दप्तरदारांच्या समोरच ठेवले," त्या म्हणाल्या. "मी बाहेर काही नेलं नाही. शपथ घेऊन सांगते."

आणि बाईंना वाटलं, ही खरं बोलते आहे. मग कागद गेले कुठे? हवेत?

५

एक वाजला. बाई खोलीवर परतल्या. तिथे भाची बसली होती, मांडीवर प्लास्टर, पायाशी एक बॅग.

"ही कसली?"

"कळलं मला, मावशी. दप्तरदारांनी रडत रडत सांगितलं. मीच त्यांना पाणी पाजून आले." भाची हसली. ती हसायची तेव्हा अख्खी हसायची. आज अर्धीच हसली. "सहाची बस आहे. तो सुटला तर आत्याकडे जाते. दुकान बघेल कुणीतरी."

"तू का जायचं? मोडणारा राहणार आणि मोडलेली जाणार?"

"तसंही आता दुकानात मी असून नसल्यासारखी. काल एक जण सगळ्यांच्या पुढे घुसला. तोंडात आलं होतं, नंबरानं या. आलंच नाही बाहेर." तिने डोळे बारीक केले आणि खिळ्याकडे पाहिलं. "ही पट्टी कसली टांगलीस? तोरण?"

"माझ्या म्हातारपणाचं. चार बोटं मोजून कापली, अर्धं बोट कमी भरली."

"हॅट! तुझं माप चुकतंय होय? तू माझ्या फ्रॉकची मापं झोपेत घ्यायचीस." भाचीने डाव्या हाताने पट्टी काढली, शिकंज्यातल्या ग्रंथाला लावून पाहिली आणि म्हणाली, "पट्टी नाही गं आखडली. तुझं पुस्तकच रात्रीतून फुगलंय."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मग त्या कोपऱ्यातल्या डब्याकडे गेल्या. गठ्ठे शिवायला घेताना सोडलेल्या फिती त्या त्यात टाकत, परत वापरायला. त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. पांढऱ्या, रुंद, रोजच्या फिती. अंगठ्याएवढी, अंगठ्याएवढी, अंगठ्याएवढी.

करंगळीएवढी.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! भाचे, पळ. सगळ्यांना बोलाव. आणि ती बॅग पायात येतेय, बाकाखाली सार."

६

जिन्याखालच्या खोलीत एवढी माणसं कधी मावली नव्हती. दप्तरदार दाराला टेकून, वकील एकुलत्या खुर्चीत, शिपाईमामा कपाटाला माणूस समजून त्याच्याशेजारी अदबीने, आणि सुधारबाई भिंतीपाशी. घड्याळात दोन.

"चोरी झालेली नाही," बाई म्हणाल्या. "कागद एक पाऊलही चोरपावलांनी चालले नाहीत. राजरोस गेले, आपल्याच नियमाने गेले."

"हे कसं?" वकिलांनी विचारलं. त्यांना आवडायला लागलं होतं.

"खणात लाल फीत गुंडाळून ठेवलेली होती. कागद न्यायचे असते तर फीत सोडायचं कारण काय? सोडली, ते दुसरी बांधायला. लालच्या जागी पांढरी. पांढरी बांधली आणि गठ्ठा वरच्या कपाटातून खालच्या फळीवर ठेवला. झालं! पुढचं काम आमच्या मामांनी केलं."

"मी?" शिपाईमामांनी कपाटाचा आधार घेतला.

"तुम्ही रंग पाहता, अक्षर नाही. पांढरा गठ्ठा तुम्ही माझ्या टेबलावर, माझ्या मोजलेल्या चळतीवर आणून ठेवलात. मी घरी गेले होते. सकाळी आले आणि न वाचता शिवून टाकलं. बाइंडर वाचत बसला तर बांधणार कधी? साप साप म्हणून सगळी इमारत धोपटली, आणि साप माझ्याच पाटाखाली. माझी पट्टी अर्धं बोट कमी नव्हती. पुस्तकात अर्धं बोट कागद जास्त होते."

"म्हणजे ते," दप्तरदारांनी शिकंज्याकडे बोट दाखवलं.

"आहेत. आता राहिलं, फीत कुणी बदलली. वकीलसाहेबांनी नाही, त्यांनी चौदा पानं लिहिली. दप्तरदारांनी नाही, त्यांनी दोनदा नोंद केली. आणि ही फीत," त्यांनी करंगळीएवढी फीत वर धरली, "या इमारतीतली नाही. पुलापलीकडची आहे."

कुणी सुधारबाईंकडे पाहिलं नाही. ते चांगलंच झालं, कारण त्या स्वतःच पुढे आल्या.

"मी बदलली," त्या म्हणाल्या. "बाहेर काही नेलं नाही म्हणाले ते खरं होतं. तेवढंच खरं होतं."

"पण का?" भाचीने विचारलं. आवाजात राग कमी, आश्चर्य जास्त.

"त्या कागदांत निकालांना जोडलेले तीन अहवाल आहेत. 'हा माणूस पुन्हा हात उचलणार नाही अशी माझी खात्री आहे.' तीनदा. खाली माझी सही. मी तिन्ही वेळा त्याच्याशी तासन् तास बोलले. ज्यांना त्याने मारलं त्यांच्याशी एकदाही नाही. काल माझंच अक्षर मला दिसलं आणि वाटलं, हे उद्या भर कोर्टात वाचणार. फाडायचा धीर झाला नाही. वाटलं, बांधून पडतील कुठेतरी, नष्ट तर होणार नाहीत. सकाळी सांगायला आले होते. तुम्ही प्लास्टरवरच्या चित्रांचं सांगितलंत आणि माझी वाचाच गेली."

वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं. "सव्वादोन."

बाईंनी शिकंजा सैल केला. खळ अजून ओली होती. तीस वर्षांत त्यांनी हजारो ग्रंथ बांधले, उसवला एकही नव्हता. त्यांनी पाठीवर सुरी लावली आणि दोरा सर्रकन कापला.

सगळ्यात वरचा गठ्ठा मोकळा झाला. तीन निकाल, तीन शिक्के, कडेला दाभणाची पाच भोकं.

"भोकं पडलीत," दप्तरदार घाबरून म्हणाले.

"शिक्क्यावर नाहीत पडली," बाई म्हणाल्या. "मी कडेलाच शिवते. पळा!"

दप्तरदार वीस वर्षांत दुसऱ्यांदा पळाले.

७

तीन वाजता साळसूद अप्रतिम रडला. जाणकारांचं म्हणणं पडलं की पलीकडच्यापेक्षा इथलं रडणं वरचढ होतं. मग न्यायाधीशांनी चष्मा लावला, भोकं पडलेले कागद एकेक करून वाचले, आणि तिसऱ्या निकालापाशी साळसूदाचं रडणं आपोआप थांबलं. वकिलांनी अकराही मुद्दे मांडले. सातव्याला न्यायाधीशांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, पण ते जांभईचं होतं.

"नदी ओलांडली म्हणून माणूस नवा होत नाही," न्यायाधीश म्हणाले. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तीन वेळा दया दाखवली, ती पालथ्या घड्यावर पाणी. सात वर्षं. त्यात सूट नाही."

तेव्हा साळसूदाने भाचीकडे ज्या नजरेने पाहिलं ती त्याची खरी नजर होती, आणि या खेपेला ती सगळ्या कोर्टाने पाहिली. भाचीने मान खाली घातली नाही.

मग सुधारबाई उभ्या राहिल्या आणि फितीची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःची बाजू न घेता. न्यायाधीशांनी दप्तरदारांना विचारलं, "यांच्या नावावर आधी काही?"

"काही नाही साहेब. दोन्ही वह्या पाहिल्या. अलीकडची आणि पलीकडची."

"पलीकडची कशी पाहिलीत? तिकडे सुट्टी ना?"

"उद्या पाहीन साहेब."

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी भाचीला विचारलं, "नुकसान तुमचं होणार होतं. तुमचं काय म्हणणं?"

भाची मावशीकडे पाहून म्हणाली, "पहिलीच चूक ना? आणि कुणावर हात नाही उचलला. आपण होऊन सांगितलं. माझ्या मावशीला नवरा असाच मिळालाय साहेब. सोडा त्यांना. पण फुकट नको. माझा हात बरा होईपर्यंत संध्याकाळी दोन तास दुकानात हवा भरायची. आणि यापुढे मारणाऱ्याला भेटतील तेवढा वेळ मार खाणाऱ्याकडेही बसायचं, मगच अहवाल."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं, कारण कागद असल्याशिवाय त्यांना काही दिसत नसे.

दुसऱ्या दिवशी बाइंडरबाईंनी उसवलेला ग्रंथ पुन्हा शिवला, या खेपेला जेवढे गठ्ठे होते तेवढेच. आधी खिळ्याला टांगलेली ती जुनी पट्टी पाठीवर चढवली. चार बोटं, बरोब्बर. त्यांनी तिच्यावरून दोनदा हात फिरवला, आणि खुशीत आपली सायकल काढून दुकानाकडे निघाल्या.

दुकानापुढे ही झुंबड. सुधारबाई पदर खोचून पंप मारत होत्या, तोच पंप, आणि घामाने निथळत एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं गुडघ्याचं दुखणं ऐकत होत्या. प्रवासाची बॅग कोपऱ्यात उघडी पडली होती, आत पाने आणि पक्कडी. बाई सगळ्यांना बाजूला करत थेट पुढे गेल्या.

"भाचे, माझ्या चाकात जरा हवा बघ गं. पटकन."

भाचीने मान वर केली. अख्खी गल्ली ऐकेल अशा आवाजात ती म्हणाली, "मावशी, नंबरानं!"

आणि बाइंडरबाई डोळे पुसत, हसत हसत, रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.